मोनो

पहिल्या दुकानातल्या पोरानं वॉट सांगितले.
दर चॅनेलला ऐंशी, म्हणाला,
पानाला किती पुऱ्या, तशा सुरात.
मुकुलनं मान डोलावली. त्याला आकडे आवडतात.
मी मागे वाकून भोकं मोजत होते:
लाल, पांढरं, लाल, पांढरं,
आणि एक काळं, कशाचं ते पोरालाही ठाऊक नव्हतं.

आमचं बजेट शंभर पौंड, वायर धरून.
जुना रिसीव्हर मार्चमध्ये धूर सोडून गेला.
घर स्टॉकपोर्टच्या चढावर, ओळीतलं,
भिंत इतकी पातळ की पलीकडच्या मिसेस ऑग्डन
चहात साखर ढवळतात तेही कळतं,
म्हणजे मुकुलला कळतं.
त्या डावीकडे राहतात.
तीन वर्षांपूर्वी माझ्या डोक्यातली एक गाठ काढली,
बोराएवढी,
आणि तिच्यासोबत डावा कान गेला.
सौदा वाईट नाही, सर्जन म्हणाले.
मीही सगळ्यांना तेच सांगते.

पण रात्री हेडफोन लावून बसलं
की मावसभावानं भरून दिलेल्या त्या कॅसेटवर
सतार डावीकडे, तबला उजवीकडे.
तेव्हापासून माझ्याकडे नुसता तबला येतो.
मुख्य कलावंताची गाडी चुकलेली,
आणि साथीदार बिचारा वेळेवर हजर.
तासभर ठेका धरून बसतो.
मधेच थांबतो, कुणालातरी वाट देतो,
कुणाला, ते मला ऐकू येत नाही.

हे मी मुकुलला सांगितलं नव्हतं.
त्याला वाटे, मी गाणं सोडलं,
लोक साखर सोडतात तसं.

दुसरं दुकान रेल्वेच्या कमानीखाली.
हॉलिन्शेड नावाचे गृहस्थ, कार्डिगनच्या कोपराला ठिगळ.
त्यांनी विचारलं, ऐकणार काय?
किती मोठ्यानं, नाही. काय.
मुकुल माझ्याकडे बघायला लागला.
मग मी बोलले. त्याच्यादेखत, पहिल्यांदा,
आणि इंग्रजीत, म्हणून जरा सोपं गेलं.

हॉलिन्शेड हळहळले नाहीत.
ब्लूटूथवाल्या चकचकीत खोक्यावरचा हात काढून घेतला
आणि खालच्या फळीवरून एक धूड ओढलं:
चाळीस वर्षांचं, कडेला लाकडाचा नुसता कागद,
भरल्या कळशीसारखं जड.
व्हॉल्यूम फिरवला की खरखर.
थोडा स्प्रे मारला की जाईल, म्हणाले,
आणि स्वतःच खोकले.

मग एक बटण दाखवलं, बोटाच्या पेराएवढं. मोनो.
हे दाबलं की दोन्हीकडचं दोन्हीकडे.
पूर्वी लांबचं स्टेशन साफ लागावं म्हणून दाबत.
आता कुणी विचारत नाही.

कॅसेट माझ्या पर्समध्ये होती.
आणलीस? मुकुल म्हणाला.
हेडफोनची पिन बारीक, याचं भोक मोठं,
हॉलिन्शेडांनी ड्रॉवर उपसून अडॅप्टर काढला.
बटण मीच दाबलं.

सतार कुठून आली नाही. ती तिथंच होती,
तबल्याच्या मांडीला मांडी लावून,
एका कानाच्या सतरंजीवर दोघं, जरा दाटीनं.
चपटं ऐकू येतं, खोटं कशाला बोलू.
घर नव्हे, घराचा फोटो.
पण तिहाई संपली, सम आली,
आणि समेवर कुणीतरी होतं.

वरून गाडी गेली असावी.
शेल्फवरचे काटे थरथरले, तेवढं दिसलं.

पंच्याऐंशी. अडॅप्टर फुकट.
कोथिंबिरीवरून वाद घालणारा माझा नवरा
एक शब्द बोलला नाही.
वायर घ्यायची राहिलीच.

बसमध्ये त्यानं डावीकडची सीट शोधली,
मला आत सरकवलं, स्वतः उजवीकडे बसला,
मांडीवर ते धूड.
तीन वर्षं तो असाच बसतो.
मला वाटायचं,
मला खिडकी मिळावी म्हणून.